चूकभूल द्यावी घ्यावी : जाहीर माफीच्या भाषेचा आपला इतिहास

(अनसिंग, जि. वाशीम इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पोफळीचा विषय काढला तर कोकणात बोलावं, कापसाचा काढला तर इथे बोलावं, असं आम्हाला वाटायचं. म्हणून ‘प्रसिद्ध माणसांच्या माफीची भाषा’ हा विषय घेऊन अनसिंगला या, असं सांगणं आलं तेव्हा आम्ही जरा बुचकळ्यात पडलो. वाशीम–पुसद रस्त्यावरच्या गावात नटनट्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या माफीनाम्यांचं काय काम? पण तयारी करत गेलो तसं ध्यानात आलं की हा विषय इथे बोलावा असाच आहे. का, ते शेवटी सांगतो.

सुरुवात शब्दांपासून करू. आपल्याकडे चूक कबूल करायला तीन मोठे शब्द आहेत: क्षमा, माफी आणि दिलगिरी. तिघांची घराणी वेगळी आहेत. ‘क्षमा’ संस्कृत. संस्कृतात क्षमा म्हणजे पृथ्वीसुद्धा. जी सगळं सोसते ती. म्हणजे या शब्दात भर आहे तो सोसणाऱ्यावर, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर. ‘माफी’ अरबी-फारसीतून आली, आणि ती आली ती दरबारातून, महसुलाच्या दप्तरातून. सारा माफ, दंड माफ, माफीची जमीन. जुन्या पत्रांमध्ये ‘तकसीर माफ’ असं येतं. तकसीर म्हणजे अपराध. म्हणजे माफीत एक वरचा असतो आणि एक खालचा. वरचा सोडून देतो, खालचा सुटतो.

आणि तिसरी ‘दिलगिरी’. दिल म्हणजे काळीज, गीर म्हणजे धरलेलं. काळीज धरल्यासारखं होणं. जुन्या मराठी कागदांत ‘अमुक दिलगीर झाले’ याचा अर्थ अमुक खिन्न झाले, इतकाच. त्यात अपराध नाही, कबुली नाही, फक्त वाईट वाटणं आहे. घरी कुणी गेलं तरी माणूस दिलगीर होतो.

आता क्रियापदं पाहा. माफी आपण ‘मागतो’. मागायची म्हटली की समोर देणारा लागतो, आणि तो ‘देत नाही जा’ असंही म्हणू शकतो. दिलगिरी आपण ‘व्यक्त करतो’. व्यक्त करायला समोर कुणी असण्याची गरजच नाही. कागदावर केली, माइकपुढे केली, झाली. म्हणून विधिमंडळात, वर्तमानपत्रांत, वकिलांच्या कचेऱ्यांत दिलगिरी एवढी लोकप्रिय आहे. कुणी म्हणेल शब्दाशब्दांत काय फरक पडतो? फरक पडतो. म्हणून तर ‘माफी मागा’ म्हणून मोर्चा निघतो आणि दिलगिरीवर तो परत जातो. दोन्ही बाजूंना हा फरक चांगला माहीत असतो.

आता इतिहासात जाऊ. पुणे, ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. जमवाजमव केली होती गोपाळराव जोशी यांनी. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती. बोलावलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते, शहरातली बरीच नामांकित मंडळी होती. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा! कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला. मग गोपाळरावांनीच ही नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. झालं. सनातनी मंडळी खवळली, प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले, आणि चहा पिणाऱ्यांवर बहिष्काराची वेळ आली.

आम्हाला हे प्रकरण फार शिकवून जातं. त्या काळच्या महाराष्ट्रात यांच्याहून प्रसिद्ध माणसं कोणती? आणि त्यांच्यापुढे प्रश्न काय? जाहीरपणे चूक कबूल करायची की नाही. फक्त तेव्हा त्याला ‘माफी’ म्हणत नव्हते, ‘प्रायश्चित्त’ म्हणत होते. प्रायश्चित्ताची रीत वेगळी असते. तिथे ‘मला वाईट वाटतं’ हे म्हणावंच लागत नाही. स्नान करा, विधी करा, दक्षिणा द्या, साक्षीदार असू द्या. मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं आणि शास्त्राच्या भाषेतच शास्त्र्यांशी वाद घातला. रानड्यांनी थोडं थांबून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. बहिष्कारामुळे मित्रांच्या घरची कार्यं अडत होती, त्यांची सोडवणूक व्हावी हा त्यामागचा विचार होता. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. १९१० साली आलेलं ते पुस्तक तुम्ही जरूर वाचा.

पण पाहा काय झालं. ज्यांच्यासाठी प्रायश्चित्त घेतलं ते सनातनी काही रानड्यांचे झाले नाहीत. आणि जे त्यांचे होते, ते सुधारक नाराज झाले: एवढा मोठा माणूस, आणि चहाच्या कपासाठी मान तुकवली? म्हणजे जाहीर माफीला एक ऐकणारा कधीच नसतो, निदान दोन असतात. एकाला शांत करायला गेलं की दुसरा दुखावतो. हे सूत्र लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्याच्याही आधीचं एक छोटं उदाहरण देतो. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. आधाराची पत्रं खोटी निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही, आणि दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. माफी मागणं आपल्या हातात असतं, मिळणं नसतं. शब्द चोख असला तरी समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. साल १८९७. पुण्यात प्लेग. रँडच्या प्लेग समितीने घरझडत्यांसाठी गोरे सोल्जर लावले. देवघरात, माजघरात, स्वयंपाकघरात बूट घालून शिरणं, बायकांना रस्त्यावर तपासणं, सामान जाळणं. लोक हवालदिल झाले होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडात होते, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले होते. वय अवघं ३१. पुण्याहून त्यांना पत्रं येत होती. त्या पत्रांच्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये जाहीर आरोप केला की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. इंग्लंडात गदारोळ झाला. त्याआधीच, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. वातावरण किती तापलं असेल, कल्पना करा.

गोखले परत आले. मुंबईत उतरताच पोलीस कमिशनर भेटायला हजर. आता पुरावा द्या. ज्यांनी पत्रं लिहिली, त्यांच्यापैकी कुणी पुढे यायला तयार नव्हतं. काय करायचं? पत्र लिहिणाऱ्यांची नावं सांगितली असती तर गोखले सुटले असते. त्यांनी नावं सांगितली नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी वर्तमानपत्रांत माफी छापली.

ती माफी भाषा म्हणून पाहण्यासारखी आहे. तिच्यात ‘जर’ नाही. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ नाही. ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’ नाही. कुणाची माफी, तेही स्पष्ट: गव्हर्नर, प्लेग समितीचे सदस्य आणि कामावरचे सोल्जर. कशाबद्दल, तेही स्पष्ट. बिनशर्त, पूर्ण. आज माफी कशी असावी हे शिकवणारे जे निकष सांगतात, ते सगळे तिच्यात बसतात.

आणि तरी पुणं पेटलं. लोक म्हणाले, गोखल्यांनी कच खाल्ली. ज्यांनी आमच्या घरांत बूट आणले, त्यांचीच माफी? त्याच आठवड्यांत टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली होती. त्यांनाही काही स्नेह्यांनी सुचवलं की माफी मागून मोकळे व्हा. त्यांनी ऐकलं नाही. सप्टेंबरात १८ महिन्यांची शिक्षा झाली. एकाच गावातले, एकाच कॉलेजाच्या उभारणीत राबलेले दोघे. एकाने माफी मागितली आणि एकाने नाकारली. लोकांच्या नजरेत कोण मोठा झाला, हे सांगायला नको.

त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन कुठे भरलं? आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, अध्यक्ष शंकरन नायर. तिथे सुरेंद्रनाथ बॅनर्जी उठले आणि तुरुंगातल्या टिळकांसाठी बोलले. सारं राष्ट्र रडत आहे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार पुढे कितीतरी वर्षं सांगितले गेले. गोखल्यांविषयीची नाराजी मात्र तोपर्यंत निवळलेली नव्हती. इथल्याच कुणाच्या पणजोबांनी त्या मांडवात ते भाषण ऐकलं असेल, नाही म्हणता येत नाही.

गोखले संपले का? नाही. दोनच वर्षांत ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, १९०५ साली काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. चांगली माफी माणसाला संपवत नाही, हे यातून दिसतं. पण आम्ही हे प्रकरण अनेकदा वाचलं तेव्हा एक गोष्ट टोचत राहिली. या सगळ्या कथेत त्या दोन स्त्रिया कुठे आहेत?

आरोप गोखल्यांनी केला. पुरावा सरकारने मागितला. माफी सोल्जरांना मिळाली. राग पुण्याने केला. आणि ज्यांच्याविषयी मूळ पत्रं लिहिली गेली, त्यांचं काय झालं, की असं काही घडलंच नव्हतं, याचा शोध तिथेच थांबला. पुरावा पुढे आला नाही, याचा अर्थ घटना घडली नाही असा होत नाही. अब्रूच्या भीतीने कुणी बोललं नसेल. आणि घडली असंही आज सिद्ध करता येत नाही. पण माफी छापून येताच फाइल बंद झाली. सर्वांत निर्दोष भाषेतली माफीसुद्धा कुणाचं तरी तोंड बंद करू शकते, हे इतिहासात आम्हाला इथे दिसलं. म्हणून माफी वाचताना आपण पहिला प्रश्न हा विचारावा: यात कोण नाही?

हा प्रश्न घेऊन आता आपल्या काळात या.

२००८-०९. आनंद यादव, ‘झोंबी’चे लेखक. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वारकरी मंडळी संतापली. यादवांनी माफी मागितली, देहूला गेले, कादंबरी मागे घेतली. ते महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष होते. माफीने भागलं नाही. राजीनामा द्यावा लागला आणि ते संमेलन अध्यक्षाविनाच झालं. इथे १८९० ची उलटी बाजू दिसते. प्रायश्चित्ताला निदान एक शेवट होता. विधी झाला की माणूस पंक्तीत बसला. आजच्या माफीला पंगतच नाही. किती मागितली म्हणजे पुरे, हे सांगणारं कुणी नाही.

एप्रिल २०१३. राज्यात दुष्काळ. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूरकडच्या सभेत धरणातल्या पाण्यावरून जे बोलले ते तुम्हा सगळ्यांना आठवतंय, आम्ही इथे पुन्हा उच्चारत नाही. (हशा) त्यांनी माफी मागितली, एकदा नाही, अनेकदा, सभागृहातही. मग कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. ‘आत्मक्लेश’ हा शब्द पाहा. तो प्रायश्चित्ताच्या घराण्यातला आहे. गांधीजींनी १९१९ साली सत्याग्रह सुरू करण्यातली आपली चूक हिमालयाएवढी असल्याचं जाहीर सांगितलं, तेव्हापासून आपल्या सार्वजनिक जीवनात ही वाट मळलेली आहे. चुकीची शिक्षा स्वतःच स्वतःला द्यायची.

पण ज्याच्या उपोषणाची टिंगल झाली तो सोलापूरकडचा शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर बसलेला होता, आणि समाधी कऱ्हाडला होती. यादवांनी तुकोबांच्या गावी जाऊन क्षमा मागितली. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणला शिवरायांचा पुतळा कोसळला, तेव्हा पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत आधी महाराजांच्या चरणी माफी मागितली, मग ज्यांची मनं दुखावली त्यांची. हे कुणा एका पक्षाचं नाही. आपल्याकडची ही जुनी ओढ आहे: थोर दिवंगतांच्या पायाशी जायचं. त्यात श्रद्धा असते, खोटं म्हणत नाही. पण गेलेला माणूस ‘नाही’ म्हणत नाही. जिवंत माणूस म्हणू शकतो.

आणि कधीकधी उंबरठाच चुकतो. २००९ साली ‘वेक अप सिड’ चित्रपटात मुंबईला बॉम्बे म्हटलं म्हणून करण जोहर यांनी राज ठाकरे यांच्या घरी जाऊन माफी मागितली. शहर लाखो लोकांचं, माफी एका घरात. याच्या उलटही झालेलं आहे, तेही सांगायला हवं. डिसेंबर २००३ मध्ये जेम्स लेनच्या पुस्तकावरून पुण्यात संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला शिवसैनिकांनी काळं फासलं. तेव्हा राज ठाकरे स्वतः बहुलकरांना भेटले आणि त्यांनी माफी मागितली. ज्याचं तोंड काळं झालं त्याच्याच पुढे जाऊन. कार्यकर्त्यांच्या वतीने नेत्याने असं जाणं आपल्याकडे फार वेळा घडत नाही.

आता व्याकरणाकडे जरा वळतो, कंटाळू नका. गेल्या काही वर्षांतली निवेदनं आम्ही एकापुढे एक ठेवून वाचली. २०२० साली इंदुरीकर महाराजांचं पत्र आलं, दिलगिरीचं. डिसेंबर २०२४ मध्ये आमदार सुरेश धस यांनी प्राजक्ता माळी यांच्याबाबत दिलगिरी व्यक्त केली, मन दुखावलं असेल तर, अशा धर्तीवर. माळी यांनी आभार मानून विषय संपवला. ती त्यांची मर्जी, आणि असा शेवट होणं चांगलंच. पण सगळी मिळून वाचली की तीच वाक्यं पुनःपुन्हा दिसतात. ‘माझ्याकडून चूक झाली.’ चूक झाली, कशी? पाऊस झाला तशी झाली. कर्ता कोण? ‘माझ्याकडून’, म्हणजे मी नुसता रस्ता, चूक माझ्यातून गेली. त्यापुढे ‘अनवधानाने’. त्यापुढे ‘भावना दुखावल्या असल्यास’. दुखावल्या की नाही, तेही अजून ठरायचंय.

मराठीत याहून लहान आणि याहून अवघड वाक्य आहे: ‘मी चुकलो.’ बाई असेल तर ‘मी चुकले’. दोन शब्द. कर्ता आहे, क्रिया आहे, पळवाट नाही. गावात बांधावरून भांडण झालं, मग एक जण दुसऱ्याच्या अंगणात येऊन म्हणतो, ‘चुकलो गड्या.’ तेवढ्यावर समोरचा म्हणतो, बस, चहा घे. १८९० साली चहा प्यायल्याने माणसं दोषी झाली; आपल्याकडे चहा प्यायला की दोष फिटतो. या तांड्यांमधली, पोहरादेवीच्या परिसरातली बंजारा मंडळी इथे बसलीयेत. त्यांच्यात नायक-कारभाऱ्यांपुढे नसाब बसायचा, दोघांना समोरासमोर बोलावं लागायचं. तिथे पत्रक चालत नव्हतं. अशा पंचायतींनी अन्यायही केले, विशेषतः बायकांवर, ते झाकू नये. पण ‘समोरासमोर’ हा त्यातला भाग घेण्यासारखा आहे.

याच जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, कारंज्याला जैनांची मोठी परंपरा आहे. पर्युषणाच्या शेवटी म्हणतात, ‘मिच्छामि दुक्कडं’. माझं दुष्कृत मिथ्या होवो. लहानथोर सगळे एकमेकांना म्हणतात, सासू सुनेलाही म्हणते. इथे वरचा-खालचा नाही. आणि आपल्या दुकानदारांच्या बिलाखाली चार अक्षरं असायची, चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. देणं आणि घेणं दोन्ही. ते वाक्य हिशेबाचं आहे: चूक निघाली तर दुरुस्त करू, पैसे परत देऊ. आजच्या माफीनाम्यात नेमका हाच हिशेब नसतो. दुखावल्याबद्दल खेद असतो, भरपाई नसते.

कुणीतरी विचारणार म्हणून आधीच सांगतो: अंदमानातून सावरकरांनी केलेले अर्ज आम्ही यात का घेतले नाहीत? ते सरकारला केलेले कैद्याचे अर्ज होते, लोकांपुढे केलेलं निवेदन नव्हे. त्यांची चर्चा जरूर व्हावी, पण तिचं माप वेगळं. आज ते या तराजूत घातलं तर दोन्ही विषय बिघडतील.

आता सुरुवातीला दिलेला शब्द. हा विषय अनसिंगचा का?

कारण ‘माफी’ हा शब्द या गावात नटाच्या तोंडून येत नाही, तो बँकेच्या पाटीवर येतो. कर्जमाफी. मघाशी म्हटलं, माफीत एक वरचा असतो, एक खालचा, आणि खालच्याने तकसीर केलेली असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने म्हणूनच हा शब्द नाकारला. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही गुन्हा केलेला नाही; मालाला भाव मिळू दिला नाही म्हणून कर्ज साचलं; तेव्हा कर्जमाफी म्हणू नका, कर्जमुक्ती म्हणा. आम्हाला हा मराठीतला फार मोलाचा शब्दविचार वाटतो. धोरणावर तुमचं मत काहीही असो, एवढं तर दिसतं: प्रसिद्ध माणूस चुकतो तेव्हा ‘दिलगिरी’ मिळते, ज्यात अपराध नाही. सोयाबीन बुडालेल्याला ‘माफी’ मिळते, ज्यात अपराध गृहीत धरलेला आहे. ज्याने चूक केली त्याला खेदाचा शब्द, आणि ज्याची केली नाही त्याला कैद्याचा.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाइलवर कुणाचा माफीचा व्हिडिओ आला, तर तीन गोष्टी पाहा. वाक्यात कर्ता आहे का. ज्याचं नुकसान झालं तो त्यात आहे का. आणि चू. भू. द्या. घ्या. मधलं ‘द्या’ आहे का, म्हणजे काही परत मिळणार आहे का. तिन्ही असतील तर खुशाल माफ करा. नसतील तर माणसाला शिव्या देऊ नका, नुसतं विचारा: भाऊ, नेमकं कुणाला बोलले?

आमच्याही बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल. नाही, असं नको म्हणायला. जिथे चुकलो असू तिथे आत्ता हात वर करून सांगा. आम्ही बसलोय, गाडी उशिराची आहे.